झरा किती वर आहे? जीपीएसच्या उंचीच्या सेटिंगची वही

१२ जानेवारी २०२५, रविवार

वही सुरू करतोय कारण मागच्या वेळी काय केलं ते मागच्या वेळीच विसरलो होतो.

काम असं आहे. आमचं गाव जावळी तालुक्यात, मेढ्याच्या वरच्या अंगाला. गावच्या डोक्यावर एक झरा आहे, मे महिन्यातपण करंगळीएवढा का होईना वाहतो. तिथून खाली गावच्या टाकीपर्यंत पाइप टाकायचा, मोटर नाही, लाइट बिल नाही, पाणी आपलंआपण उतरणार. लांबी टेप लावून मोजली, सहाशे वीस मीटरच्या आसपास. प्रश्न उंचीचा आहे. काळा एचडीपीई पाइप ४ किलोचा घ्यायचा की ६ किलोचा, हे सगळं त्या उंचीवर. दहा मीटर पाण्याचा उभा खांब म्हणजे साधारण एक किलो प्रेशर, म्हणजे ४ किलोचा पाइप सरळसरळ चाळीस मीटरपर्यंत. झरा तीस मीटरवर असेल तर निवांत, पंचेचाळीसवर असेल तर पाइप पहिल्याच उन्हाळ्यात फुगणार. आणि भावात चांगलाच फरक आहे, वर्गणीचा मामला आहे.

आबा (चुलत आजोबा, पाटबंधारे खात्यातनं रिटायर) म्हणाले डम्पी (दुर्बिणीतनं बघून उंचीतला फरक मोजायचं जुनं यंत्र) मागवू, एका दिवसाचं काम. मी म्हटलं आबा आता डम्पी कोण लावतं, सॅटेलाइटवरनं उंची येते. आबा काही बोलले नाहीत, नुसती तंबाखू मळत बसले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

१८ जानेवारी, शनिवार

अलिबागच्या मित्राकडनं रिसीव्हर मॉड्युल उचललं. यू-ब्लॉक्सचं निओ-एम८एन, त्याने दोन वर्षांपूर्वी मच्छीमार बोटींच्या ट्रॅकरसाठी घेतलेली, त्यातली दोन उरली होती, दोन्ही दिली, वर सुरमई खाऊ घातली. इएसपी३२ला (छोटा कंट्रोलर बोर्ड) जोडून एसडी कार्डवर लॉग करायचा कोड आधीच लिहून ठेवला होता. अंगणात ठेवलं, मिनिटभरात फिक्स (म्हणजे जागा सापडली), उंची ६ मीटर. समुद्र समोर दिसतोय, सहा मीटर म्हणजे एकदम पटणारं.

मग डॅशबोर्डवर ठेवून निघालो, वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर, आणि पोलादपूरवरनं आंबेनळी घाटानं महाबळेश्वरकडे. पोलादपूरपर्यंत एकदम झक्कास. घाट लागला तशी उंची चढायला लागली, पण जरा आळशासारखी, गाडी दोन वळणं पुढे गेली तरी आकडा मागेच. आणि मग घाटात एका ठिकाणी फिक्स गेला. मला वाटलं झाडी आहे, एका बाजूला कडा आहे, येईल. आलाच नाही. महाबळेश्वरला चहाला थांबलो, मोकळं मैदान, वर निळं आभाळ, फिक्स नाही. केळघर घाट उतरून गावात पोचलो, फिक्स नाही.

रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं. शेवटची धड ओळ पाचशे मीटरच्या आसपासची, त्यानंतर आरएमसीच्या ओळीत (रिसीव्हर ठरावीक नावांच्या ओळी पाठवतो, त्यातली एक) ए (फिक्स आहे) च्या जागी व्ही (फिक्स नाही), व्ही, व्ही, पार गावापर्यंत. पाचशे या आकड्याकडे तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं. दिलं नाही. अँटेना सैल झाली असेल म्हणून झोपलो.

१९ जानेवारी, रविवार

अँटेना सैल नव्हती. सकाळी टाकीवर ठेवून दोन तास बसलो. आजची खरी गंमत जीएसव्हीच्या ओळींत (कुठली सॅटेलाइट दिसतायत त्या) आहे: अकरा सॅटेलाइट दिसतायत, त्यातल्या सातांचा सिग्नल ४० डीबीच्या वर. वेळ बरोबर येतेय, सेकंदासकट. म्हणजे रिसीव्हरला ऐकू येतंय सगळं, घड्याळही लागलंय, फक्त तो "मी कुठे आहे" ते सांगत नाही. नवरा रुसल्यासारखं.

दुसरं मॉड्युल लावलं. तेही तसंच. दोन मॉड्युल एकदम बिघडत नसतात, पण हे कळायला मला मुंबईला परत जावं लागलं.

२२ जानेवारी, बुधवार रात्र

मुंबईत खिडकीत ठेवलं, पस्तीस सेकंदात फिक्स. मुंबईत चालतं, गावात चालत नाही. आमच्या अर्ध्या गावासारखंच.

मग यू-सेंटर (यू-ब्लॉक्सचं सेटिंगचं सॉफ्टवेअर) उघडलं. मेसेजेसमध्ये यूबीएक्स, त्यात सीएफजी, त्यात नॅव५, आणि पोल केलं (म्हणजे आत्ताचं सेटिंग विचारलं). पहिल्याच ओळीत डायनॅमिक मॉडेल: ५, अॅट सी. समुद्र.

मॅन्युअलमध्ये या मॉडेलांचा तक्ता आहे, तो शोधून काढला आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक मॉडेलला कमाल उंची ठरलेली असते. पोर्टेबलला (हेच डिफॉल्ट) १२,००० मीटर, स्टेशनरी आणि पेडेस्ट्रियनला ९,०००, ऑटोमोटिव्हला ६,०००, एअरबोर्नला ५०,०००. आणि समुद्रावरच्याला ५००. शिवाय त्यात धरलेलंच असतं की तू पाण्याच्या पातळीवर आहेस आणि वरखाली जात नाहीस, म्हणून घाटात आकडा मागे रेंगाळत होता. मर्यादा ओलांडली की रिसीव्हर स्वतःच काढलेलं उत्तर स्वतःच रद्द करतो. बिघाड नाहीच, त्याच्या हिशोबाने बोट पाचशे मीटरवर तरंगू शकत नाही, म्हणजे काहीतरी चुकतंय, म्हणून तो गप्प. बरोबरच आहे की त्याचं! मित्राने बोटींसाठी केलेलं सेटिंग फ्लॅशमध्ये सेव्ह होतं आणि ते माझ्याबरोबर घाट चढलं.

हा तक्ता बलूनवाल्या लोकांना तोंडपाठ असतो. हवामानाचा फुगा तीस किलोमीटरवर जातो, पोर्टेबलवर ठेवला की बारा किलोमीटरला गप्प, म्हणून ते मॉडेल ६ (एअरबोर्न) करून ठेवतात. (त्याच्याही वरची एक वेगळी भानगड म्हणजे १८ किलोमीटर आणि १,००० नॉटची जुनी निर्यात-बंदीची मर्यादा, क्षेपणास्त्रात कुणी जीपीएस घालू नये म्हणून. आमचा झरा क्षेपणास्त्र नाही, पुढे चला.)

मी ३ केलं, पेडेस्ट्रियन, सेंड दाबलं, फिक्स आहेच, खूश होऊन बॅगेत टाकलं.

२५ जानेवारी, शनिवार

गावात. फिक्स नाही.

खरंच नाही. टाकीवर वीस मिनिटं उभा, खालनं पोरं विचारतायत दादा लागला का फोन. लॅपटॉप काढला, पोल केलं, परत ५. सेंड केलं की ते फक्त रॅममध्ये जातं, करंट गेला की फ्लॅशमधलं जुनं परत येतं, सेव्ह वेगळं करावं लागतं, सीएफजी-सीएफजीमधनं. हे मला माहिती होतं! पण मुंबईत समुद्र मॉडेलवरही फिक्स येतो आणि पेडेस्ट्रियनवरही येतो, म्हणजे सेव्ह झालं नाही हे मुंबईत बसून कळायचा मार्गच नव्हता. बंद करून परत चालू करून पोल केलं असतं तर कळलं असतं. केलं नाही.

आता ३ करून सेव्ह केलं, वायर उपटली, दहा मिनिटं थांबलो, परत जोडलं, पोल केलं, ३. अर्ध्या मिनिटात फिक्स. टाकीच्या वॉलपाशी (पाण्याच्या चावीपाशी) उंची ८९८, वरखाली करत. दुसऱ्या मॉड्युललाही तेच. अंधार पडला होता, झऱ्यावर गेलो नाही, बिबट्या फिरतोय म्हणतात.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं आणि ग्रामसभा. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, टाकी ८९८ मीटरवर आहे, आता झऱ्याची उंची आणतो. सरपंच म्हणाले आणायची कशाला, सकाळीच पोरगा पाठवला होता वर, त्याच्या फोनमध्ये अॅप आहे. पोरग्यानं स्क्रीनशॉट दाखवला. ८६६ मीटर.

म्हणजे झरा गावाच्या बत्तीस मीटर खाली.

सभेत जे हसू पिकलं ते लिहीत नाही. एक म्हातारी म्हणाली, "मंग आमी आजवर हांडं घिऊन डोंगर उतरत हुतो व्हय?" सरपंच चिडले, माझं मशीन खोटं की फोन खोटा. मी म्हटलं दोन्ही खरे आहेत. ते उत्तर कुणाला आवडलं नाही. आबा मागे बसून होते, फक्त एवढंच म्हणाले, "दोघांचा बीएम एकच हाय का?"

बीएम म्हणजे बेंचमार्क, ज्या खुणेपासनं उंची मोजतात ती. प्रश्न अगदी बरोबर होता, मला उत्तर माहिती होतं पण माइकवर सांगता आलं नसतं.

३० जानेवारी, गुरुवार

ते उत्तर इथे लिहून ठेवतो, पुढच्या ग्रामसभेला लागेल.

सॅटेलाइटवरनं जी उंची थेट निघते ती समुद्रापासनं नसतेच. ती असते एका गणिती अंड्यापासनं, पृथ्वीचा गुळगुळीत चपटा गोळा धरला आहे डब्ल्यूजीएस८४ नावाचा, त्याच्या सालीपासनं. खरा समुद्र त्या सालीला धरून नसतो. जिथे जमिनीच्या पोटातलं ओझं कमीजास्त तिथे गुरुत्वाकर्षण कमीजास्त, आणि तसं पाणीही वर उचललेलं किंवा खाली दबलेलं, त्या पृष्ठाला जिऑइड म्हणतात. आणि आपण नेमके जगातल्या सगळ्यात मोठ्या खड्ड्याच्या कडेला राहतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात हा जिऑइड सालीपासनं जवळजवळ १०६ मीटर खाली आहे. का, यावर बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये पेपर काढला होता, पार टेथिस समुद्राच्या बुडालेल्या तळापर्यंत गोष्ट जाते. आपल्या सह्याद्रीत हा फरक उणे साठ ते सत्तरच्या मधला. म्हणूनच मुंबईत चौपाटीवर उभं राहिलं की बऱ्याच फोनचं अॅप उंची उणे साठ दाखवतं आणि लोक घाबरून स्क्रीनशॉट टाकतात, मुंबई बुडाली म्हणून.

माझं मॉड्युल जीजीएच्या ओळीत (जागा आणि उंचीची ओळ) दोन्ही देतं. उंचीचा आकडा, पुढे एम, मग उणे पासष्टच्या आसपासचा आकडा, पुढे परत एम. पहिला आकडा म्हणजे समुद्रसपाटीपासनची उंची, दुसरा म्हणजे साल आणि जिऑइड यातला फरक. दोन्हींची बेरीज केली की सालीपासनची उंची. पोरग्याच्या फोनमधलं अॅप ती बेरीज झालेली उंची दाखवत होतं, बऱ्याच अँड्रॉइड अॅपमध्ये असंच असतं. ८६६ मध्ये पासष्ट-सहासष्ट मिळवा, ९३१-३२. झरा परत डोंगरावर गेला.

आणखी एक, मॉड्युलच्या आतला जिऑइडचा तक्ता जाडाभरडा असतो, मोठ्या चौकटींचा, मधलं अंदाजाने भरलेलं. त्यामुळे समुद्रसपाटीचा आकडा थोडे मीटर इकडेतिकडे असू शकतो. आम्हाला त्याचं काही नाही, झरा आणि टाकी अर्ध्या किलोमीटरच्या आत, दोन्हीकडे तीच चूक, वजाबाकीत उडून जाते. फक्त दोन्ही आकडे एकाच जातीचे हवेत. ग्रामसभेत एक आंबा आणि एक फणस वजा केला होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस सेटिंगमध्ये खेळण्यात. टाकीवर एक मॉड्युल, जागेवरनं न हलवता, प्रत्येक सेटिंगवर वीस वीस मिनिटं.

आधी एअरबोर्न. लॅपटॉप दरवेळी डोंगरावर कोण नेणार म्हणून इएसपी३२वरनंच बाइट पाठवायचे ठरवले होते, आणि बलूनवाल्यांचा कोड तयार मिळतो, बी५ ६२ ०६ २४ २४ ०० एफएफ एफएफ ०६ ०३ आणि पुढे. यातला तो ०६ म्हणजे मॉडेल. आहे तसा चिकटवला तर उंची भुतासारखी नाचायला लागली, बसल्या जागी बारा मीटरची उडी. साहजिक आहे, त्याला सांगितलंय तू विमान आहेस, शंभर मीटर सेकंदाने वर जाऊ शकतोस, मग तो प्रत्येक झटका खरा मानतो. ०६ च्या जागी ०३ केला की शेवटचे दोन चेकसमचे बाइट बदलायला लागतात, नाहीतर मॉड्युल कमांड गुपचूप गिळतं, हो पण नाही आणि नाही पण नाही. अर्धा तास त्यात गेला. ०५ ०१ असं उत्तर आलं की समजायचं ऐकलं, ०५ ०० आलं की नाकारलं, काहीच नाही आलं की चेकसम बघा.

मग २डी. नॅव५ मध्ये फिक्स मोड असतो, १ म्हणजे फक्त २डी, २ म्हणजे फक्त ३डी, ३ म्हणजे जसं जमेल तसं. २डी मध्ये उंची आपण सांगायची आणि तो फक्त आडवी जागा काढतो, सॅटेलाइट कमी दिसत असतील तेव्हा उपयोगी. डोक्यात आलं, टाकीची उंची ठरवून दिली तर निदान जागा किती स्थिर राहते ते बघू. ८९८ पाठवलं. ठिपका भलतीकडेच, ओढा ओलांडून पार पलीकडे. का? कारण ते खण सेंटिमीटरमध्ये असतं. मी टाकीला समुद्रसपाटीपासनं नऊ मीटरवर नेऊन ठेवलं होतं, आणि उंचीतली एवढी चूक कुठेतरी बाहेर पडणारच, ती आडवी बाहेर पडली. ८९८०० पाठवायला हवं, तेही उलट्या क्रमाने, सी८ ५ई ०१ ००. ते केल्यावर ठिपका टाकीवर आला. यू-सेंटरमध्ये तेच खण मीटरमध्ये दिसतं, म्हणून तिथे हे कळत नाही. आणि हो, ही द्यायची उंची समुद्रसपाटीची, सालीची नाही. परत ग्रामसभा नको.

शेवटी मोड २ वर कायम केलं, फक्त ३डी. उंची मोजायला आलोय, चौथं सॅटेलाइट नसेल तर जुनीच उंची चालू ठेवून मला गंडवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

किमान कोनाचं सेटिंग झऱ्यासाठी महत्त्वाचं. डिफॉल्ट ५ अंश, म्हणजे क्षितिजापासनं पाच अंशांवरचं सॅटेलाइटही धरतो. झरा घळीत आहे, पूर्वेला सरळ कातळ. त्या कातळावर आपटून आलेला सिग्नल लांबचा रस्ता घेऊन येतो आणि उंची बिघडवतो. १५ अंश केलं तर ते आपटलेले बरेच गेले, पण सॅटेलाइटही कमी झाली, आणि जी राहिली ती सगळी डोक्यावर. उंचीसाठी ते वाईटच. मुळात उंचीचं दुखणंच हे आहे की सॅटेलाइट सगळी वरच्या बाजूला, पायाखालून कुणीच बघत नाही, म्हणून आडव्यापेक्षा उभी चूक कायम जास्त. १० वर तडजोड केली.

दुपारचे दोन तासांचे रीडिंग, टाकीवर एक मॉड्युल, झऱ्यावर एक, दोन्हीकडे तेच सेटिंग, वजाबाकी मिनिटामिनिटाला: सगळ्यात कमी २८, सगळ्यात जास्त ४३. पाइपवाल्याला हे सांगितलं तर तो हसेल.

९ फेब्रुवारी, रविवार

रात्री परत लावलं, नऊ ते एक. बिबट्यासाठी दोन पोरं आणि एक हलगी बरोबर.

फरक स्वच्छ दिसला. एकेकट्या मॉड्युलची उंची दुपारी नऊ-दहा मीटरमध्ये भटकत होती, रात्री चारच्या आत. वर आयनोस्फिअर असतं, सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेला हवेचा थर, सिग्नलला उशीर करतं, आणि आपल्याकडे विषुववृत्ताजवळ ते दुपारी सगळ्यात दाट. त्यात सध्या सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र भरात आहे. गगनचं (जीपीएसची चूक दुरुस्त करणारी भारताची यंत्रणा) करेक्शनही चालू करून पाहिलं, आपल्याच जीसॅट सॅटेलाइटवरनं येतं, एसबीएएसच्या सेटिंगमध्ये १२७ आणि १२८ वर टिक केलं. टाकीवर जीजीएमध्ये फिक्सच्या जागी १ चा २ (करेक्शन लागू) झाला, आकडा शांत झाला. घळीत गगन दिसतच नाही, कातळ आड येतो, आणि एकीकडे करेक्शन, दुसरीकडे नाही असं केलं की वजाबाकी बिघडते, म्हणून दोन्हीकडे बंद केलं. नाविकचं (भारताची स्वतःची जीपीएससारखी सॅटेलाइट) पोरांनी विचारलं, पण एम८ला नाविक दिसत नाही.

रात्रीची चार तासांची सरासरी, वजाबाकी ३५.९. हा आकडा मला आवडला. पण आवडणं वेगळं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बॅरोमीटर. बीएमपी२८०, नखाएवढा चिप. हवेचा दाब मोजतो, वर गेलं की दाब कमी. आमच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण साडेनऊ मीटर.

सकाळी दहाला एक सेन्सर टाकीवर ठेवला आणि जेवायला गेलो, चारला बघितलं तर टाकी बत्तीस मीटर वर गेली होती. बसल्या जागी. झऱ्याएवढीच जवळजवळ! आपल्या पट्ट्यात हवेलाही भरती-ओहोटी असते, सकाळी दहाच्या सुमारास दाब जास्तीत जास्त, दुपारी चारला कमीत कमी, आणि ते रोजचं. म्हणजे एकाच बॅरोमीटरने सकाळी खाली आणि दुपारी वर मोजलं असतं तर झरा दुप्पट उंच निघाला असता. ट्रेकवाली मंडळी घड्याळातली उंची पायथ्याला सेट करतात आणि संध्याकाळी भांडतात, ते यामुळेच.

उपाय तोच, दोन सेन्सर एकाच वेळी. आधी दोन्ही शेजारी शेजारी पाऊण तास ठेवले, त्यांच्यात ०.६ चा कायमचा फरक होता तो टिपून ठेवला. मग एक वर, एक खाली, दोन्ही सावलीत, कारण या चिपला ऊन लागलं की ती बरळते. वीस मिनिटं. फरक काढून ३.६२ हेक्टोपास्कल, म्हणजे चौतीस-साडेचौतीस मीटर.

जीपीएस ३५.९, हवा ३४.४. दोन्ही चाळीसच्या आत. इथे थांबता आलं असतं.

२ मार्च, रविवार

नाही थांबलो. आबांनी डम्पी आणलाच, कुणाकडनं तरी, लाकडी पेटीत, पितळेचा, तिपाईच्या एका पायाला सुतळी गुंडाळलेली. मी स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) धरायचा. चार मीटरचा स्टाफ, म्हणजे एका जागेवरनं तीन-साडेतीन मीटरपेक्षा जास्त चढता येत नाही. म्हणून बारा वेळा तिपाई उभी करायची, बारा वेळा बुडबुडा मधोमध आणायचा, मागची रीडिंग, पुढची रीडिंग, आबा ओरडणार आणि मी पेन्सिलीने लिहिणार. "स्टाफ डुलतोय, सरळ धर. डोंगराला टेकू नको." स्टाफ हळूच पुढेमागे झुलवायचा आणि सगळ्यात कमी दिसतो तो आकडा घ्यायचा, तेव्हा तो खरा उभा असतो, हे मला आज कळलं, वय वर्षं चौतीस.

सुरुवातीला मी विचारलं, आबा टाकीची उंची ८९८ घेऊ का. ते म्हणाले कशाला, आणि देवळाच्या जोत्याच्या दगडावर खडूने फुली मारली. "हा शंभर." एवढंच. आरएल (धरलेल्या पातळीवरनं काढलेली उंची) १००.०००. समुद्राशी काही देणंघेणं नाही, सालीशी नाही, देऊळ हलत नाही म्हणून देऊळ. तिथनं टाकीचा वॉल ९८.२१, झऱ्याच्या तोंडाचा दगड १३२.६३.

३४.४२.

दुपारी जेवून परत उलटं उतरवत आणलं, देवळाच्या फुलीवर परत टेकलो तेव्हा फरक अठरा मिलिमीटर. आबा म्हणाले पूर्वी एवढ्याला साहेब परत मोजायला लावायचा.

बॅरोमीटर जिंकला असं मी म्हणालो. ते वहीत बघत होते. "तुझं ते मशीन दीड मीटरच चुकलं की. रात्रभर बसलास म्हणून." हे कौतुक होतं की काय ते अजून कळलेलं नाही.

१५ मार्च, शनिवार

धुळवड काल झाली, रंग अजून कानात. पाइपचा हिशोब: चौतीस मीटर ४ किलोत बसतं, पण आबांचं म्हणणं खाली कुणी वॉल फटकन बंद केला की पाणी मागे धक्का मारतं, तेव्हा चौतीसचे पन्नास होतात. म्हणून वरचे चारशे मीटर ४ किलोचा, खालचे दोनशे वीस ६ किलोचा. सरपंच तयार. वर्गणी अजून अकरा घरांची यायची आहे.

मित्राला फोन केला, सांगितलं तुझ्या मॉड्युलनी काय केलं. तो म्हणतो अरे बोटीवर दोन वर्षं चाललं, उंचीचा कधी प्रश्नच आला नाही. दोन्ही फॅक्टरी डिफॉल्टवर आणून त्याला परत पाठवतो म्हटलं तर म्हणाला नको, ५ वर सेव्ह करून पाठव.

६ एप्रिल, रविवार

पाइप गाडला, निम्मा. उरलेला कातळावर उघडा, त्याच्यावर माती टाकायची राहिली आहे, ऊन लागतंय.

दुपारी रामजन्माचा सुंठवडा खाऊन वर गेलो आणि झऱ्यावर फडका काढला. खाली टाकीपाशी वॉल बंद, वॉलच्या अलीकडे प्रेशर गेज बसवलेलं, कुणीतरी पंपाच्या जुन्या जोडणीतनं काढून आणलेलं, काचेला तडा. पाइप भरायला पाऊण तास लागला, मधल्या उंचवट्यावर हवा अडकली होती, तिथला जॉइंट ढिला करून ती काढली तेव्हा पोरांच्या तोंडावर फवारा. मग काटा हलायला लागला. एक. दोन. तीन. आणि तीन आणि साडेतीनच्या मध्ये, साडेतीनच्या जरा अलीकडे येऊन थरथरत उभा राहिला.

आबांनी चष्मा कपाळावर ढकलून बघितलं आणि म्हणाले, "चौतीस." मग वॉल हळूहळू उघडला, हळूहळू.